डबा आला का?

जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडवर सकाळी साडेसात ते नऊच्या मधे कधी गेलात तर एक गंमत बघा. खेड्यावरून येणारी गाडी फलाटाला लागली की आतली माणसं दाराकडं लोटतात आणि खाली उभा असलेला पोरांचा घोळका मात्र तिकडं न जाता ड्रायव्हरच्या बाजूला पळतो. कुणाच्या पायात स्लीपर, कुणी बिनआंघोळीचं, कुणाच्या काखेत फिजिक्सच्या नोट्स. ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटपाशी पिशव्यांचा हा ढीग पडलेला असतो, खताच्या पोत्याच्या शिवलेल्या पिशव्या, कापड दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या, वायरच्या पिशव्या, आणि त्या ढिगातून प्रत्येक पोरगं आपली पिशवी बरोब्बर ओढून काढतं, दोन मिनिटांत ढीग गायब. डब्यावर कुठं ऑइल पेंटनं नाव घातलेलं, कुठं नेलपॉलिशनं नुसतं एक अक्षर, कुठं कडीला लाल चिंधी बांधलेली. चुकून दुसऱ्याचा डबा गेला असं फार क्वचित व्हायचं, आणि झालंच तर ज्याच्याकडं चांगली भाजी गेली तो गप्प बसायचा.

प्रेमात किती ताकद असते यावर लोक खूप काय काय लिहितात, ताजमहाल काय, पत्रं काय, जीव देणं काय. मला बुवा ही ताकद म्हटलं की हा पिशव्यांचा ढीग आठवतो.

मी लातूरला अकरावी-बारावीला होतो. लातूर पॅटर्नचं नाव तेव्हा जोरात होतं, दहावीला जरा बरे मार्क पडले की पोरगं लातूरला धाडायचं हे ठरलेलंच असायचं, मग ते औशाचं असो, निलंग्याचं असो की पार अहमदपूरच्या पलीकडचं. रूम करून राहायचं, एका रूममधे चार जण, चार कॉट मावत नाहीत म्हणून दोन कॉट आणि दोन गाद्या, भिंतीला पिरियॉडिक टेबल, आणि जेवणाला दोन पर्याय, मेस लावा नाहीतर गावाकडून डबा. ज्यांच्या गावाला सकाळची गाडी होती त्यांचा डबा यायचा. नसली तर मेस, म्हणजे पातळ वरण, म्हणजे रविवारी संध्याकाळी सुट्टी.

आता ही सकाळची गाडी म्हणजे बहुतेक मुक्कामी गाडी. शहरात वाढलेल्यांना हे प्रकरण माहीत नसतं म्हणून सांगतो. संध्याकाळी शेवटची गाडी गावात येते, रात्रभर पाराजवळ नाहीतर शाळेपुढं उभी राहते आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात नाहीतर मंदिराच्या ओट्यावर पथारी टाकतात. मग गावातलं कुणीतरी रात्री त्यांना गरम कालवण आणून देतं, हिवाळ्यात कुणी शेकोटीला बोलावतं, आणि अशानं ड्रायव्हर हळूहळू ड्रायव्हरमामा होतो. सकाळी त्याला काही सांगावं लागत नाही. आई पिशवी वर देते, तो घेतो आणि ठेवतो. एखाद्या दिवशी आईला दोन मिनिटं उशीर झाला तर मामा हॉर्न देत थांबतो, गाडीतले बाकीचे लोक कुरकुर करतात, पण कंडक्टर म्हणतो की थांबा हो, त्यांच्या पोराचा डबा यायचाय. १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली तेव्हा ही गाडी पुढं महाराष्ट्रभर भाकरी वाहणार आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नसणार. कुणी ठरवून योजना काढली नाही, लोकांनी आपापलं जमवून घेतलं.

आणि डबा भरणं हे वाटतं तितकं सोपं नसतं हे मला फार नंतर कळलं, स्वतः पोरीचा डबा भरायला लागल्यावर. गाडी सहाला, म्हणजे आई साडेचारला उठणार. भाकरी तव्यावरून काढून गरम गरम डब्यात घातली की ती वाफ धरते आणि खालच्या दोन भाकरी ओल्या लगद्यासारख्या होतात, म्हणून आधी फडक्यावर निवू द्यायची, मग त्याच फडक्यात गुंडाळायची. भाजी अंगाबरोबरची, रस्सा अजिबात नको, कारण फाट्यापर्यंतचा रस्ता असा की रस्सा डब्यात राहतच नाही, पिशवीत येतो. वांगं चालतं, मेथी चालते, अंबाडीची भाजी तर पळते. वर शेंगदाण्याची चटणी, ती वेगळ्या पुडीत, आणि उन्हाळ्यात भाजी आंबेल म्हणून नुसती चटणी, पिठलं आणि कांदा. प्रवासाला टिकाव्यात म्हणून कधी दुधातल्या दशम्या, कधी धपाटे. एवढं सगळं गणित रोज, अंधारात, चुलीपुढं, आणि वर म्हातारीला चहा, म्हशीचं वेगळंच.

हिशेबात हे बसत नाही. मेसचा महिन्याचा खर्च आणि आईची झोप, सरपण, रोज फाट्यापर्यंत चालणं हे सगळं धरलं तर मेस स्वस्त पडली असती, आमचा एक चुलता हे दर दिवाळीला समजावून सांगायचा. आई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला उठायची. तिला कंटाळा येत नव्हता असं अजिबात नाही हं, चांगला यायचा, बोलूनही दाखवायची, मेली ही गाडी एक दिवस बंद का पडत नाही म्हणायची. पण गाडी खरंच बंद पडली तर सगळ्यात जास्त जीव तिचाच वरखाली व्हायचा.

मला वाटतं इथंच काहीतरी आहे. एकदा जीव ओवाळून टाकणं एक वेळ जमतं माणसाला, पण तेच ते काम, रोज, कुणी बघत नसताना, कंटाळा आलेला असताना करत राहायला जे लागतं ते फक्त शिस्तीनं येत नाही. बिहारमधे गया जिल्ह्यातल्या गहलौरच्या दशरथ मांझींचं सगळ्यांना माहीत आहे, बायकोला वेळेवर दवाखाना मिळाला नाही आणि ती गेली, म्हणून एकट्यानं छिन्नी-हातोड्यानं डोंगर फोडून रस्ता केला, १९६० ते १९८२, म्हणजे २२ वर्षं. आपण डोंगराचंच कौतुक करतो. पण मी विचार करतो की त्या २२ वर्षांत एखादा जुलैतला मंगळवार असेल, पाऊस पडत असेल, खांदा दुखत असेल, लोक येडा म्हणत असतील, कालच्यापेक्षा डोंगर तसूभरही कमी झालेला दिसत नसेल आणि तरी हा माणूस हातोडा उचलून निघाला असेल. तो मंगळवार मला डोंगरापेक्षा मोठा वाटतो. आणि बायको घसरली ती डोंगर ओलांडून त्याच्यासाठी भाकरी-पाणी घेऊन जाताना, असं सांगतात. म्हणजे तिथंही सुरुवात डब्यापासूनच.

आमच्या रूममधे एक जण होता, त्याची आई तो सातवीत असतानाच गेलेली. घरी वडील आणि धाकटा भाऊ. त्याचा पण डबा यायचा. वडील स्वतः करायचे. भाकरी जाड, कडा फाटलेल्या, एका बाजूला करपलेली, दुसरीकडून जरा कच्ची, आणि भाजी कायम एकच, बटाटा, कारण त्यांना तेवढीच येत असावी. पोरं म्हणजे पोरं, एकमेकांच्या डब्यावर आम्ही काय वाट्टेल ते बोलायचो, तुझ्या आईनं मीठ घातलंय का मिठात भाजी घातलीय वगैरे, पण त्या बटाट्याला कुणी कधी काही बोललं नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आपोआपच झालं. बारावीच्या दिवाळीनंतर हळूहळू ती भाकरी पातळ व्हायला लागली. फेब्रुवारीत एक दिवस त्यानं डबा उघडला तर चक्क गोल, पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी, तो म्हणाला बापानं शेजारच्या काकूकडून करून आणली वाटतं. सुट्टीला गावी जाऊन आल्यावर कळलं की नाही, त्यांचीच होती. पन्नाशीच्या, पैलवानी हाताच्या माणसानं दीड-दोन वर्षं रोज पहाटे थापून थापून भाकरी जमवली होती, आणि हे त्यांनी पोराला फोनवरसुद्धा सांगितलं नव्हतं.

हे लिहिताना एक गोष्ट टोचते ती पण सांगतोच. आईच्या डब्याचं कौतुक करायला आम्हा पुरुषांना फार आवडतं, गहिवर येतो, डोळे भरतात. पण साडेचारला उठणारी बाई तिच्या मर्जीनं किती उठते आणि दुसरं कुणी उठतच नाही म्हणून किती उठते, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. आमच्या घरी वडिलांचं काम पिशवी फाट्यावर नेऊन देणं एवढंच, आणि त्याचंही ते चारचौघांत सांगायचे. ज्या बापानं भाकरी शिकून घेतली तो म्हणूनच मला जास्त लक्षात राहिला असेल. प्रेम आहे म्हणून सगळं एकाच माणसाच्या अंगावर टाकायचं ही आपली जुनी सवय आहे, असो.

वेळ अमावस्येचा डबा मात्र सगळ्यात भारी. आमच्याकडं येळवस म्हणतात, मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी सगळी माणसं शेतात, लातूर शहर असं ओस पडतं की जणू कर्फ्यू लागलाय. पण परीक्षा तोंडावर असली की आम्हाला घरी जायची परवानगी नसायची. मग दुसऱ्या दिवशीच्या गाडीला पिशव्यांचा नुसता पूर. सगळ्या भाज्या न् शेंगा घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, गव्हाची खीर, आणि बरणीत आंबील, ती हमखास सांडलेली, सगळ्या गाडीला ताकाचा आंबूस वास आणि ड्रायव्हरमामा वैतागलेला. त्याच्या वैतागावर उपाय म्हणून त्यालाही एक डबा असायचाच.

मुंबईच्या डबेवाल्यांचं तर जगभर नाव झालं. १८९० मधे महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केलं, मावळ, जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर इकडची ही माणसं, झाकणावर रंगानं आकडे-अक्षरांच्या खुणा, आणि त्या खुणांवर डबा चर्चगेटच्या ऑफिसात पोचतो. २००३ मधे इंग्लंडचे प्रिन्स चार्ल्स त्यांना येऊन भेटले. सगळे त्यांच्या मॅनेजमेंटवर बोलतात, बोलायलाच पाहिजे, पण माझा एक साधा प्रश्न असतो. एवढी मोठी यंत्रणा उभी राहिली ती कशाच्या जोरावर? ऑफिसच्या खालीच वडापाव मिळतो, उडप्याची थाळी मिळते. तरी बोरिवलीतल्या माणसाला घरचीच गवारीची भाजी लागते, आणि घरच्या माणसाला ती पाठवल्याशिवाय चैन पडत नाही. हे नसतं तर सगळं मॅनेजमेंट घेऊन काय करणार होते.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो थेट पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं म्हणणं काय, सरकारचं काय, तो वेगळा विषय आहे, पण तेवढे महिने खेड्यातून येणारे डबे अडकले. माझी पुतणी तेव्हा लातूरलाच होती. आता वाटलं होतं की वहिनी मेस लावून मोकळी होईल. कशाची मोकळी होतीय, तिनं दुधाचा टेम्पो गाठला. टेम्पोवाला आधी नाही म्हणाला, मग एकाचा घेतला, मग गावातल्या आणखी पाच-सहा बायका तिथं जाऊन उभ्या, शेवटी कॅनच्या मधे डबे ठेवायची जागाच ठरून गेली.

या पुतणीच्या रूमवर एक यवतमाळकडची मुलगी होती. तिचं गाव लांब, डबा यायचा प्रश्नच नाही, मेसवर होती आणि सारखी आजारी पडायची. पुतणीनं फोनवर सहज सांगितलं, बास, दुसऱ्या दिवसापासून डब्याला एक कप्पा वाढला. कुणी काही ठरवलं नाही, पैशाचं तर नावच नको. मग एक दिवस त्या मुलीच्या आईचा वहिनीला फोन आला, थँक्यू म्हणायला. दोघींनी एकमेकींना कधी बघितलेलं नाही, पण त्यानंतर रोज दुपारी फोन, पोरींनी काय खाल्लं, काय उष्टं टाकलं, कारलं कसं केलं की खातात. पोरींची बारावी होऊन किती दिवस झाले, पोरी दोन वेगवेगळ्या शहरांत शिकतात, एकमेकींना मेसेज तरी करतात की नाही कोण जाणे, आयांचा फोन चालूच आहे.

परवा यवतमाळहून ट्रॅव्हल्सनं एक मोठा डबा आला, वर्षाच्या मूगवड्या आणि कुरडया, डब्यावर जाड अक्षरात वहिनीचं नाव. आता आपल्याकडं आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळं वहिनीपुढं पेच की विदर्भात आपल्याकडचं काय पाठवावं. शेंगदाण्याची चटणी झाली, धपाटे तिथपर्यंत टिकत नाहीत, दादानं गुळाची ढेप सुचवली तर त्याला गप्प बसवलं, आणि मला पुण्याला फोन, की भाऊजी, येताना एक किलो बाकरवडी आणा आणि ताजी बघून आणा, मागच्या वेळी मऊ पडली होती.