अठरा मिलिग्रॅम

पावसाळ्यात म्हापशातल्या माझ्या दवाखान्यात येणारे रुग्ण ठरलेले. गोचिडतापाने मलूल झालेले कुत्रे, कान खाजवून रक्तबंबाळ केलेली मांजरं. त्यामुळे आषाढातल्या एका संध्याकाळी डिचोलीकडच्या एका काकींनी टेबलावर कापडी पिशवी ठेवली तेव्हा मला वाटलं, कुळागरातलं अळू आणलं असेल. पिशवीतून स्टार कासव निघालं.

"डॉक्टर, हा नाकातून बुडबुडे काढतो. आणि आ वासून बसतो."

मान ताणून, तोंड उघडून श्वास घेणारं कासव म्हणजे न्यूमोनिया चांगलाच मुरलेला. कासवाला आपल्यासारखा छाती-पोटामधला स्नायूंचा पडदा नसतो, त्यामुळे त्याला धड खोकता येत नाही. फुफ्फुसात साचलेला चिकटा तिथेच राहतो. मुळात हे कोरड्या माळाचं जनावर, गुजरात-राजस्थान-आंध्रकडचं. त्याला आपण गोव्याच्या पावसात गार लादीवर ठेवणार, दूधभात भरवणार आणि वर 'लक्ष्मी आहे घरची' म्हणणार.

मागच्या उजव्या पायावर काळी खपली होती. आधी कुठेतरी पाच दिवस रोज एन्रोफ्लॉक्सॅसिन हे जंतुनाशक टोचून झालं होतं, तेही मागच्या पायात. औषध वाईट नाही, मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू असतील तर तेच कामाला येतं; पण स्नायूत गेलं की आग करतं, पुन्हा पुन्हा टोचलं तर मांस मरतं. शिवाय कासवाच्या मागच्या पायातलं रक्त हृदयाकडे जाता जाता मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, औषध अंगभर फिरण्याआधीच तिथून बाहेर पडू शकतं, म्हणून सुई नेहमी पुढच्या पायात. खरं तर हे मलाही कॉलेजात कोणी नीट शिकवलं नव्हतं. गाई-म्हशींतून वेळ उरला तर कासव. तरी राग आला तो आलाच.

नाकातला स्राव कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला पाठवला. लॅबच्या फॉर्मवर कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, 'इतर' नाहीच. मी म्हैस खोडून कासव लिहिलं, तर तिथून फोन आला, "डॉक्टर, चुकून लिहिलंत का?" रिपोर्टात स्युडोमोनास हा जंतू निघाला, सेफ्टाझिडिम या औषधाला दाद देणारा.

सेफ्टाझिडिमची एक ग्रॅमची बाटली माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळते. कासवाला किलोमागे 20 मिलिग्रॅम, दर 72 तासांनी. हे कवचासकट 900 ग्रॅम भरलं, म्हणजे एका वेळेला 18 मिलिग्रॅम. उरलेल्याचं काय करायचं? बाटलीत दहा मिली पाणी घालायचं, एक मिलीच्या बारीक सिरिंजांत 0.18 मिलीचे डोस भरायचे, तारीख चिकटवायची आणि फ्रीझरमध्ये ठेवायचे. माझा कंपाउंडर त्याला 'कासवाची कुल्फी' म्हणतो. अशा आठ कुल्फ्या करून ठेवल्या.

टोचणं हीसुद्धा कला आहे. कासव पुढचे पाय कवचाच्या तोंडाशी असे घट्ट मिटतं की दरवाजाला अडसर लावावा. ओढायचं नाही. मागचे पाय बोटांनी हळूच आत ढकलायचे. आत जागा कमी पडली की पुढचा भाग आपोआप बाहेर येतो. तेवढ्या दोन सेकंदांत खांद्याच्या मांसात सुई. हे जमलं की मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो.

घरी खोक्यावर बल्ब लावून ऊब 30 अंशांच्या आसपास ठेवायची, कारण अंग थंड असलं तर कासवाची प्रतिकारशक्तीही झोपते. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. रोज उथळ कोमट पाण्यात पंधरा मिनिटं. काकींनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि केलंही. माझ्या शिकलेल्या ग्राहकांपैकी निम्मे एवढं करत नाहीत. चौथ्या इंजेक्शनला आल्या तेव्हा बुडबुडे थांबले होते. माझ्यासमोर त्याने जास्वंदीचं फूल खाल्लं, लाल रस हनुवटीवर ओघळला. काकी हरखून म्हणाल्या, "आता चवथीआधी याला जोडी आणते. कुठे मिळेल हो?"

तिथे मी बोललो. स्टार कासव पाळणं गुन्हा आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, किमान तीन वर्षं कैद. सगळं खरं. पण आधी हे बोललो, आणि 'आपण दोघं मिळून वन खात्याकडे जाऊ, आपणहून देऊ, मी बोलेन' हे नंतर. तोवर त्यांनी पिशवीला गाठ मारली होती. चेहरा पांढरा पडला होता. त्या 'हो हो' म्हणाल्या.

पाचव्या इंजेक्शनला कोणी आलं नाही. सहाव्यालाही नाही. तीनदा फोन केला. चवथ झाल्यावर त्यांनी स्वतःच केला, आवाज मोकळा. "डॉक्टर, काळजी करू नका. तुमच्यावर काही येणार नाही. देवळाच्या तळीत सोडला त्याला, नारळ ठेवून."

तो माळावरचा, काकी. त्याला पोहता येत नाही. हे मी फोनवर बोललो की नाही, खरंच आठवत नाही. बोललो असेन तर त्या अजून झोपत नसतील.

रविवारी तळीवर गेलो. पाणी हिरवं, काठाच्या दगडावर दोन पाणकासवं ऊन खात होती, तीही अशीच कुणीतरी सोडलेली. पाण्यापासून वरपर्यंत चिऱ्याच्या अकरा पायऱ्या. सगळ्यात खालची वीतभर उंच. कासवाची लांबीही तेवढीच होती, मी मापली होती.