मीडियम की वेल डन?

पहिला पगार झाला, म्हणून काल अण्णांना संभाजीनगरातल्या एका मोठ्या हॉटेलात नेलं. मेनूत स्टेकचं, म्हणजे मांसाच्या जाड भाजलेल्या तुकड्यांचं, वेगळं पान. 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी, त्यामुळं स्टेक म्हणजे म्हैस, कोंबडी नाहीतर मासा. आम्ही लॅम्ब चॉप्स, म्हणजे कोकराच्या बरगडीचे तुकडे, मागवले.

वेटरनं अदबीनं विचारलं, "सर, मीडियम की वेल डन?"

अण्णा म्हणाले, "लेकरा, पार शिजवून आण. कच्चं कोण खातंय!"

भल्यामोठ्या ताटात तीन तुकडे, वर रोझमेरीची काडी. अण्णांनी काडी उचलून कडेला ठेवली, सुरी-काटा सारला अन् हाड हातात धरून चोखलं. शेजारचे बघत होते. बघू द्या. चव झकास होती, खोटं कशाला बोलू?

बिल मी झाकूनच भरलं. गाडीत बसल्यावर अण्णा म्हणाले, "आता आपला नान अन् मटणाचा रस्सा, नान खलिया, कुठं मिळंल?"