रफू केलेली पिशवी

जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण इलेक्ट्रोलक्सचं मॉडेल 30 हातात आलं त्या दिवशी रात्रभर झोप लागली नाही. अमेरिकेत 1937 साली बाजारात आलेलं हे मशीन लुरेल गिल्ड या डिझायनरने घडवलं. आडवं नळकांडं, अंगावर लेदरेट म्हणजे नकली कातडं, तोंडाशी आणि शेपटीशी चकचकीत धातू. खाली चाकं नाहीतच, घसरगाडीला असतात तशा दोन पट्ट्या आहेत. जमिनीवर ठेवलं तर एखाद्या जुन्या आगगाडीचं इंजिन वाटावं.

सगळ्यांसारखा मीही आधी क्रोम बघत बसलो. मग खटका दाबून पुढचं झाकण उघडलं आणि आत मूळची कापडी पिशवी सापडली. जुन्या धुळीने पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. बाहेर काढताना खालच्या कोपऱ्यावर बोट अडखळलं. दिव्याखाली धरली तर तिथे रफू होतं. रुपयाएवढी जागा, उभे-आडवे धागे एकाआड एक घातलेले, आणि निम्म्यात धाग्याचा रंग बदललेला. पांढरा संपला म्हणून खाकी घेतला असावा. मशीन वापरणाऱ्या कुणीतरी हे इतक्या निगुतीने केलं होतं की भोक नेमकं कुठे होतं ते शोधावं लागत होतं.

संग्राहकांमध्ये बॉडीला फार भाव असतो, आणि मला ते पटत नाही. पत्रा टिकतो, ॲल्युमिनियम टिकतं. जातात ते कापड, रबर आणि दोरा. एअर-वे कंपनीने 1920 साली टाकून द्यायची कागदी पिशवी आणली. पुढे ती सोय रुळत गेली, तशा कापडी पिशव्या कचऱ्यात गेल्या. मळकी पिशवी कोण जपून ठेवणार? पण घरोघरी पोचलेल्या विजेच्या व्हॅक्यूम क्लीनरची सुरुवातच कापडातून झाली आहे. ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार दम्याने बेजार होता. झाडताना उडणारी धूळ सोसेना म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी केली. त्याला 1908 साली पेटंट मिळालं आणि हूव्हर या व्हॅक्यूम क्लीनर कंपनीचा धंदा त्यावर उभा राहिला. म्हणून माझ्यासाठी पिशवी हा सुटा भाग नाही.

मशीन आल्याआल्या प्लग लावायचा मोह होतोच. लावू नका, अगदी कळकळीने सांगतो. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका दुसऱ्या मशीनची मोटर पंखा काढून, थेट पूर्ण व्होल्टेजवर चालवून बघितली होती. या मोटरी सिरीज वाइंडिंगच्या असतात, म्हणजे फिरत्या आणि स्थिर भागांच्या तारा एकामागोमाग एक जोडलेल्या. लोड नसला की वेग वाढतच जातो. दोन-तीन सेकंदांत तिचा आवाज शिट्टीसारखा झाला, आर्मेचरची, म्हणजे फिरत्या भागाची, तारेची वाइंडिंग उसळून बाहेर आली आणि भोवतीची स्थिर फील्ड कॉइलही फाटली. ते मशीन परत कधीच चाललं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

या वेळी आधी मेगर, म्हणजे वीज गळते का ते तपासणारं मीटर, लावला. 500 व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं रीडिंग आलं 0.3 मेगाओहम. म्हणजे आत ओल. मोटर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, शेजारी 60 वॉटचा साधा पिवळा बल्ब, वरून दोन भोकं. रोज एकदा मोजायचं, बाकी हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी रीडिंग 20 च्या वर गेलं तेव्हा जिवात जीव आला. वायरच्या सांध्यांवर कुठे करड्या रंगाचं लोकरीसारखं वेष्टण दिसलं तर ते खरवडू नका. त्या काळच्या उष्णतारोधक वेष्टणांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. मी मास्क घालून, ओलं करून, न हलवता तसंच झाकून टाकलं.

खरा वेळ खाल्ला तो कम्युटेटरने, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या, वीज आत नेणाऱ्या तांब्याच्या कड्याने. तांब्याच्या पट्ट्यांवर काळा थर चढला होता आणि पट्ट्यांमधला वीजरोधक अभ्रक तांब्याच्या वर आला होता. तांबं झिजतं, अभ्रक झिजत नाही. मग कार्बन ब्रश (पट्ट्यांवर टेकून वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) त्या अभ्रकावरून ठेचकाळत जातो आणि ठिणग्या उडतात. तो थोडा खाली घ्यावाच लागतो. हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा मोडला, दातांच्या बाजू दगडावर घासून खाचेच्या मापाच्या केल्या, आणि एकेक खाच ओढत गेलो. जोर द्यायचा नाही. ब्लेड घसरलं की तांब्यावर ओरखडा उठतो आणि तो पुढे ब्रश खातो. ओढताना कुरकुर आवाज येतो तोवर अभ्रक आहे, आवाज मऊ झाला की थांबायचं. एका संध्याकाळी चार-पाच खाचा झाल्या की डोळे दुखायला लागत. सगळ्या संपल्यावर कडा हलक्या मोडल्या आणि बारीक पॉलिश पेपरने तांबं उजळलं. इथे एमरी (धातू घासायचा काळा कागद) वापरायची नाही, तिचे कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करू शकतात.

मूळ मापाचे ब्रश मिळाले नाहीत. मोठे आणून घासून बसवले. मग कम्युटेटरवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळला आणि आर्मेचर हाताने फिरवत राहिलो, ब्रशच्या तोंडाला तीच गोलाई येईपर्यंत. जुन्या स्प्रिंग चांगल्या होत्या, त्या ठेवल्या.

बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. क्रोमवरचे गंजाचे ठिपके पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासून काढले. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. नवीन मुलामा करून घ्यायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, मी ऐकला नाही. मशीनखालच्या दोन घसरपट्ट्यांची झीजसुद्धा तशीच ठेवली आहे. ते मशीन कुणीतरी खोल्याखोल्यांतून ओढत नेलं, म्हणून ती आहे.

वायरचा निर्णय अवघड होता. वरचं कापडी विणकाम सुरेख, पण आतलं रबर बोटाने चुरा होत होतं. ती वायर सोडवली, गुंडाळी करून जपून ठेवली आणि कापडी वेष्टणाचीच नवी लावली. मशीन 115 व्होल्टच्या आसपासचं, घरात 230. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर हवाच. तो एकाच वाइंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर न घेता दोन वेगळ्या वाइंडिंगचा घेतला. बॉडी धातूची आणि अर्थिंगची सोय मुळातच नाही, अशा मशीनला मेन लाइनपासून तोडून ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तरीही चालवताना पायात रबरी चप्पल असतेच.

उरली पिशवी. ती धुवायची नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. इतकं जुनं सूत भिजलं की स्वतःच्या वजनाने फाटू शकतं. मास्क लावून उघड्यावर, मऊ ब्रशने तीन दिवस आतून-बाहेरून झटकली. रफूच्या जागेला ब्रशही लावला नाही. मग कागदावर तिचा बेत काढून घट्ट विणीच्या कापडाची दुपदरी नवी पिशवी शिवली. चालवायची ती ही.

पहिल्यांदा सुरू केलं ते व्हेरिॲकवर, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, पंखा जागेवर ठेवून. 30 व्होल्टला मोटर जेमतेम हलली. 60 ला घुमायला लागली. ब्रशखाली निळसर ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसत होतं. तिथेच वीस मिनिटं थांबलो, आणि ते कडं आक्रसून ब्रशच्या मागच्या काठाशी राहिलं. मग 115. आवाज खर्जातला, भरीव, आजच्या मशीनसारखा किंचाळणारा अजिबात नाही.

ह्यूबर्ट सेसिल बूथ या व्हॅक्यूम क्लीनरच्या सुरुवातीच्या इंग्रज संशोधकाने 1901 च्या सुमाराला खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली होती, आणि रुमालाला लागलेली धूळ बघून त्याची खात्री पटली होती. मीही रुमालच घेतला. नळीच्या तोंडापाशी नेला तर वीतभर अंतरावरूनच सटकन ओढला गेला, मधोमध खळगा पडला आणि ताणला गेला. नळीच्या मधल्या सांध्यातून थोडी हवा गळते आहे, तिथलं विणकाम अजून दुरुस्त करायचं आहे. मूळ पिशवी आम्लविरहित कागदात घालून उथळ खोक्यात ठेवली आहे, रफूची बाजू वर करून.