बादलचे पॉइंट

बादल आमच्याकडे आला तो एक पोचे पडलेली बादली आणि एक ताकीद घेऊन. "सगळं बदला, पण बादली बदलू नका," त्याचे मालक आईला म्हणाले. माथेरानच्या लाल मातीत वर्षानुवर्षं पर्यटक वाहून घोडा थकला होता. आमची नेरळजवळ आंब्याची छोटी वाडी. घोडा पाळायचा विचार आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नसेल, पण आईने त्याच्या डोळ्यांवरचे खोल खळगे पाहिले आणि विषय संपला. नाव बादल, रंग मात्र चांगला तांबूस कुमैत. नाव कोणी ठेवलं, विचारायचं राहूनच गेलं.

वय मालकांनी अठरा सांगितलं. डॉक्टरांनी ओठ उचलून वरच्या जबड्यातला कडेचा दात दाखवला. त्यावर एक तपकिरी रेघ असते. दहाव्या वर्षाच्या सुमाराला ती हिरडीपाशी उगवते, विशीपर्यंत दातभर उतरते आणि मग वरून पुसत जाते. बादलची वरून पुसायला लागली होती. "विशी कधीच ओलांडलीय," डॉक्टर म्हणाले. आई लगेच म्हणाली, "असू दे, चारचौघांत कशाला बोलायचं?"

पहिले तीन दिवस त्याने आमच्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावलं ते फक्त त्या पोचे पडलेल्या बादलीतून. नवी निळी प्लास्टिकची बादली हुंगून तो मान फिरवायचा. वर माथेरानात मोटारी नाहीत, म्हणून रस्त्यावरच्या मोटारसायकलींना बिचकेल अशी मला धास्ती होती, पण गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर त्याने त्या रोजच पाहिलेल्या. बिचकला तो ठिबकच्या काळ्या नळीला. गवतात वळसे घेत पडलेली ती नळी पाहून चारी पाय रोवले, कान ताठ, नाकपुड्या मोठ्या. साप नव्हे, हे त्याला पटवायला आठवडा गेला.

खाण्याचं घोडं मात्र खरंच पेंड खात होतं. गवत तोंडात घ्यायचा, बराच वेळ घोळवायचा आणि ओला बोळा खाली टाकायचा. मला वाटलं, नवं ठिकाण, रुसलाय. डॉक्टरांनी दाढा पाहिल्या: बाहेरच्या कडा सुरीसारख्या, गालाला जखमा. कानस फिरवून त्या गुळगुळीत केल्या. चंदी म्हणून कोरडे हरभरे बंद, भिजवलेला कोंडा सुरू, तोही आठ-दहा दिवसांत जुन्या खाण्यात थोडा थोडा मिसळत. घोड्याला उलटी होत नाही. पोटात बिघडलं तर आल्या वाटेने बाहेर पडायची सोय नाही, आणि शूळ उठला की जिवावर बेततं. तेव्हापासून रात्री झोपण्याआधी मी त्याच्या कुशीला कान लावून आतली गुडगुड ऐकायला लागलो. घरात माझी थट्टा झाली. गुडगुड ऐकू आली की मला झोप लागायची, एवढं खरं.

त्याला मात्र लागत नव्हती. घोडे उभ्याने डुलक्या काढतात, पण गाढ झोपेसाठी थोडा वेळ तरी अंग टाकावं लागतं, आणि अनोळखी जागी ते अंग टाकत नाहीत. बादल रात्रभर उभा. शेवटी शेजाऱ्यांची एक लंगडी शेळी त्याच्या शेजारी बांधली. पहिल्या दिवशी तिने त्याचा कोंडा खाल्ला, दुसऱ्या दिवशी शेपटी चघळली. पाचव्या पहाटे मी गेलो तर बादल आडवा, पाय लांब सोडलेले. काळजाचं पाणी झालं. जवळ जाऊन पाहतो तर घोरत होता.

"पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला?" आईने लहानपणी शंभरदा घातलेलं कोडं. उत्तर: न फिरवल्यामुळे. म्हणून मी त्याला संध्याकाळी कुंपणाकडेने फिरवायला लागलो. घोडा फिरला, पण अडलाही. थोडं चाललं की थांबायचा आणि बाजूला वळून स्तब्ध उभा राहायचा. लगाम ओढला, चुचकारलं, गूळ दाखवला. ढिम्म. मग आपल्या हिशेबाने पुढे निघायचा. मला वाटलं, सांधे धरले असतील. फोनवर मालक हसत सुटले. "दादा, फोटो काढा की! पॉइंट आला की तो थांबणारच. ओढू नका, तो स्वतःच निघेल."

आता आमच्या वाडीत चार पॉइंट आहेत: विहीर, शेणकीचा खड्डा, पायरी आंबा आणि ती ठिबकची नळी. आईने गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं वर्षभर टाळलं होतं. आता संध्याकाळी कासरा तिच्या हातात असतो. शेणकीपाशी बादल तोंड घाटाकडे करून उभा राहतो, तीही पदराने घाम पुसत उभी राहते. घाईत असलेल्या मला दोघंही मोजत नाहीत.