आबांच्या पाच नंबर रंध्याचा नट

आबांच्या हत्यारांची पेटी जिंतूरहून परभणीला आणली. उघडल्यावर पहिल्यांदा हातात घेतला तो लोखंडी रंधा. 5 नंबरचा स्टॅनले, 14 इंच लांब, 'मेड इन इंग्लंड'. आबा त्याला इंग्रजी रंधा म्हणायचे. तिफणीची, वखराची बाभूळ ते पाचरीच्या लाकडी रंध्यानंच साफ करायचे. इंग्रजी रंधा निघायचा तो सागवानी दारांसाठी.

पात्याची वरची कड पाहिली आणि पोटात कालवलं. हातोडीच्या घावांनी ती चेपून दोन्हीकडं पसरली होती. या रंध्याचं पातं ठोकायचं नसतं. मागं एक पितळी नट असतो, तो फिरवला की बेचक्यासारखा छोटा तुकडा हलतो आणि पातं केसभर खाली-वर होतं. आबांच्या रंध्यात नटाची कड उडालेली आणि बेचक्याचा एक कान गेलेला. मी शाळेत असताना कुणीतरी दोन दिवसांसाठी रंधा मागून नेला आणि असा परत केला. आबा काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून लाकडी रंध्याची रीत त्यांनी यालाही लावली: पातं बसवायचं, हातोडीनं टिचकी मारायची, एक डोळा मिटून तळाकडून बघायचं, पुन्हा टिचकी. माझ्या लग्नाआधी घराला बसवलेलं दार असंच झालंय.

नट कसा मोडला असेल हे मला आता कळतं. त्याचे आटे उलटे असतात. उजवीकडं फिरवलं की पातं पुढं यावं, हाताला सरळ वाटावं, म्हणून ते तसे ठेवलेत. पण गंजून अडकलेला नट सोडवायला माणूस सवयीनं डावीकडं जोर लावतो. नट सुटत नाही, उलट आत आत जातो. मग पकड येते. पकडीपुढं पितळ किती टिकणार?

परभणीत हार्डवेअरची चार दुकानं फिरले. एका दुकानदारानं नवा रंधा उघडून त्याचा नट लावून पाहू दिला. एक आटासुद्धा धरला नाही. शेवटी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांकडं गेले. त्यांनी पिच गेज, म्हणजे आटे मोजायचं माप, लावलं आणि चष्मा वर करून म्हणाले, "ताई, हे एमएममधलं नाही. इंचातलं आहे, अन् डावं आहे." नट ज्या दांडीवर फिरतो तिची जाडी 9/32 इंच, इंचाला 24 आटे. साधारण 7 मिलीमीटर भरतं, म्हणून बघणारा फसतो. पितळेचा नट बाहेरून हवा तसा कातता येईल, पण एवढ्याशा भोकात आटे पाडायला त्या मापाचा डावा टॅप लागतो. तो त्यांच्याकडं नव्हता.

त्यांनी दुसरा उपाय सांगितला: मूळ दांडी काढून टाकू, 8 एमएमची बसवू, साधा नट लावू. तासाभराचं काम. मी नाही म्हटलं. एकदा भोक मोठं केलं की या रंध्याला पुन्हा कधी मूळचा भाग बसणार नाही. मोडलेला नट बदलता येतो. बिडाच्या अंगात पाडलेलं भोक बुजवून पहिल्यासारखं होत नाही. काकांना ते पटलं. पैसेही घेतले नाहीत.

मग ठरवलं, सुटा नट शोधायचा नाही, मेलेला रंधा शोधायचा. या रंध्याची मांडणी लिओनार्ड बेलीची. त्याची पेटंटं स्टॅनले कंपनीनं 1869 मध्ये घेतली आणि पुढं तीच घडण वर्षानुवर्षं चालवली. त्यात 4 आणि 5 नंबरला पातं 2 इंचीच. लांबी वेगळी, 4 नंबर 9 इंचाचा, पण नट, बेचकं, पातं वरून दाबून धरणारी टोपी एकाची दुसऱ्याला चालते. 6 आणि 7 नंबरचं पातं रुंद असतं, त्यांची टोपी घेऊन उपयोग नाही. म्हणजे फुटका 4 नंबर मिळाला तरी काम भागणार होतं.

आबांनी आपला रंधा हैदराबादहून जुनाच आणला होता. जुमेरात बाजार गुरुवारी भरतो, म्हणून आदल्या दिवशी परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं निघाले. बाजारात जमिनीवर पसरलेल्या पान्यांमध्ये, पटाशांमध्ये दुपारपर्यंत वाकून वाकून कंबर गेली. एका म्हाताऱ्या चाचांकडं 4 नंबर दिसला. पातं जिथून बाहेर येतं त्या तोंडापासून तडा वरपर्यंत गेलेला, मागची मूठ नाही, पण नट शाबूत. मी नुसता नट मागितला. "अकेला नट नक्को अम्मा, पूरा ले जाव." 400 रुपयांत पूरा घेतला.

नट गच्च बसला होता. चार दिवस डिझेलमध्ये ठेवला, मग चिंधी गुंडाळून हातानंच उजवीकडं फिरवला. पाचव्या दिवशी सुटला. बेचक्याची पिन बारीक पंचानं ठोकून काढली आणि बेचकंही त्याच रंध्याचं घेतलं, कारण त्याचं टोक नटाच्या खाचेत नीट बसायला हवं. टोपीखाली पात्याला जोडलेली पट्टी, कॅप आयर्न, मात्र आबांचीच ठेवली. बेचकं तिच्या छोट्या खाचेत अडकतं, आणि ती खाच धारेपासून किती लांब आहे यात कंपन्यांचा फरक असतो. चुकीची पट्टी लावली तर नट शेवटपर्यंत फिरतो, तरी पातं तोंडाबाहेर येत नाही.

पात्याची चेपलेली कड मी कानशीनं घासणार नाही. धार लावली, तेवढं पुरे.

त्या फुटक्या रंध्याची टोपी आणि पुढची मूठ माझ्याकडं शिल्लक आहे. जिंतूर-परभणी भागात कुणाच्या 4 किंवा 5 नंबरला लागत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. रंधा मात्र सोबत आणा, लावूनच देईन.