दोन प्रहर म्हणजे नक्की किती वाजता?

मी मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवून द्यायचं काम करते, बहुतेक जमिनीचेच कागद. मागे साताऱ्याकडचे एक काका आणि त्यांचा पुतण्या जुनं वाटणीपत्र घेऊन आले, दोघं शेजारी बसलेले पण एकमेकांकडे बघत पण नव्हते. भांडण विहिरीच्या पाळीचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे ती ओळ तीनदा वाचली. सूर्योदयापासून दोन प्रहरपावेतो मोट थोरल्याची, पुढे धाकट्याची. पुतण्या थोरल्या घरातला, तो लगेच म्हणाला, "बघा, दुपारी दोनपर्यंत आमचं पाणी!"

आता हसावं की रडावं. त्याला म्हटलं अरे दादा, हे घड्याळातले दोन नाहीत. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार, साधारण तीन-तीन तासांचा एक. दिवस उगवल्यावर दोन प्रहर सरले की सूर्य डोक्यावर, तो द्विप्रहर, त्याचंच घासून घासून झालं दुपार. आपण रोज 'दुपारी येतो' म्हणतो त्यात तो दोन लपलेलाय आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पहारा, पहारेकरी हे पण ह्याच प्रहराच्या घरातले.

काका खूश, म्हणाले "म्हंजे बाराला मोटर बंद!" पण तेही पूर्ण खरं नाही ना. कागद १८६८ चा, तेव्हा कुठली भारतीय प्रमाणवेळ, ती आली १९०६ मध्ये. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर आणि सातारा ७४ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं धरली तर चौतीस मिनिटांचा फरक. म्हणजे त्यांच्या विहिरीवर सूर्य माथ्यावर येतो साधारण साडेबाराच्या पुढे, नोव्हेंबरात थोडा आधी, फेब्रुवारीत अजून उशिरा. मी हे कागदावर गणित करून दाखवलं (खरंतर माझं काम फक्त अक्षरं उतरवायचं, पण राहवलं नाही) तर पुतण्याला अर्धा तास मिळाला म्हणून तो जरा सैल झाला.

काका बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले, मग म्हणाले, "मॅडम, हे समदं बराबर, पण ह्या आठवड्यात शेतीची लाईट रातचीच हाय. मग रातचं दोन प्रहर धरायचं का?"

पुतण्याला हसू आलं.