पैसे भरून वाजवता?

शनिवार. रात्रीचा एक वाजून गेलाय.

झोप येत नाहीये. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला माउथपीसचा गोल वळ उठलाय आणि घरी येऊन दहीभाताबरोबर लोणचं खाल्लं ते आता तिथे झोंबतंय. स्वयंपाकघरात बसून लिहितेय, बाकी सगळे कधीचे झोपले. युफोनियमची, म्हणजे माझ्या त्या पितळेच्या फुंकायच्या वाद्याची, केस दारातच पडलीये, उचलून आत ठेवायचीपण ताकद नाही.

आज पार्कातला कॉन्सर्ट झाला. आमच्या न्यू जर्सीतल्या गावाचा कम्युनिटी बँड, साठेक माणसं, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी प्लंबर, दोन-तीन कॉलेजची पोरं, बाकी बरेचसे रिटायर्ड. दर मंगळवारी रात्री हायस्कूलच्या बँडरूममध्ये रिहर्सल. मी तिसऱ्या वर्षात आहे आणि अजूनही पहिल्या ओळीत फ्लूटवाल्या बायका बसल्यात आणि मागे पितळेच्या गर्दीत मी, हे बघून नवीन आलेल्याला जरा गंमत वाटतेच, साडेपाच फूट पण नाही मी आणि मांडीवर हे एवढं धूड.

हे धूड माझं नाही खरं तर, लेकाचं. इथे चौथी-पाचवीत पोरांना शाळेत वाद्य निवडायला लावतात, ह्याला ट्रम्पेट हवं होतं, ते संपलं होतं म्हणून हे घेऊन आला, भाड्यानं. वर्षभर घरात म्हैस हंबरल्यासारखं वाजवलं आणि मग सॉकर सुरू झालं आणि संपलं. परत करायला म्हणून मी केस उघडली तर आतून जो वास आला ना, पितळ, व्हॉल्व्हचं तेल आणि जुनी थुंकी, तो अण्णांच्या कोटाचा वास होता. मी तिथंच गॅरेजमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन करून सांगितलं की परत करत नाही, उरलेले हप्ते भरते.

अण्णा मिरजेत बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. लग्नाचा बँड. लाल कोट, खांद्यावर जरीचे गोंडे, आणि खाली चप्पल, कारण मालकानं कोट दिले बूट नाही दिले. वाद्य मेरठचं, तिथल्या जली कोठीतून, बँडची वाद्यं बनवतात त्या भागातून आलेलं, घंटीला दोन पोचे पडलेले. मार्गशीर्ष ते ज्येष्ठ घरात बोलणं एकच, सुपारी कुणाची आली, सांगली का जयसिंगपूर, वरात किती लांब, जेवण मिळणार का पुडकं. आणि बँडमध्ये युफोनियमकडे कोण बघतं हो? पुढे क्लॅरिनेटवाला मास्तर, नोटा त्याच्यावरून ओवाळतात, ट्रम्पेटवाला छाती फुगवून, ढोलवाल्याभोवती नाचणारे. युफोनियमवाला मध्ये कुठेतरी. तो नसला तर बँड पोकळ वाजतो एवढंच, पण असं कुणी म्हणत नाही की आज पोकळ वाजला.

मी म्हणाले होते एकदा. माझ्या लग्नात. अण्णा त्या दिवशी कोटात नव्हते ना, धोतर-फेटा घालून मुलीचे बाप म्हणून उभे होते, आणि पाठवणीला त्यांच्याच पार्टीनं ते रफीचं नीलकमलमधलं वाजवलं, जे अण्णांनी हजार वेळा दुसऱ्यांच्या पोरींसाठी वाजवलं असेल. सगळ्या बायका रडत होत्या. मला रडू येईना, मला ऐकूच वेगळं येत होतं, खालचा आवाज गायब. क्लॅरिनेट वर एकटी तरंगत होती आणि खाली ढोल, मधे काहीच नाही, भगदाड. गाडीत बसताना मी अण्णांना म्हणलं, "अण्णा, पोकळ वाजतंय." तेव्हा ते रडले. त्याआधी नाही.

असो, आजचं लिहायला बसले होते.

आजच्या यादीत सूसा ह्या अमेरिकन संगीतकाराचे दोन मार्च, एक ब्रॉडवेच्या नाटकांतल्या गाण्यांची खिचडी, आणि मधे ग्रेंजरचं ‘आयरिश ट्यून फ्रॉम काउंटी डेरी’. जेमतेम चार मिनिटांचं. चाल सगळ्या इंग्रजी दुनियेला पाठ आहे, ‘डॅनी बॉय’ म्हणून, पण ते शब्द फार नंतरचे, वेदरली नावाच्या इंग्रज वकिलानं आधी 1910 साली लिहून ठेवले होते आणि 1913 ला ह्या चालीवर बसवले. मूळ चाल जेन रॉस नावाच्या बाईंनी आयर्लंडातल्या लिमावडी गावात टिपून घेतली, 1855 च्या पेट्रीच्या आयरिश चालींच्या संग्रहात छापली गेली, बिननावाची. कुणी रचली पत्ता नाही. आपल्या ओव्यांसारखंच. आणि गाण्यात काय आहे तर जाणाऱ्याला मागे राहणारा निरोप देतोय. म्हणजे पाठवणीच की. हे मला दुसऱ्या-तिसऱ्या रिहर्सलला लक्षात आलं आणि मी कुणाला सांगितलं नाही, काय सांगणार.

ग्रेंजर हा ऑस्ट्रेलियाचा, नावाजलेला पियानिस्ट, आणि 1917 ला अमेरिकन फौजेच्या बँडमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, ब्रुकलिनच्या फोर्ट हॅमिल्टनला, आमच्या इथून गाडीनं तास-सव्वातास. तिथे ओबो, सॅक्सोफोन वाजवायचा. बँडसाठीचं हे 1918 ला छापून आलं. माणूस विक्षिप्त, संगीतातले इटालियन शब्द त्याला चालायचे नाहीत, क्रेशेंडोच्या, म्हणजे आवाज वाढवत न्या, ह्या जागी सरळ इंग्रजीत ‘लाउडन लॉट्स’ लिहायचा. आमच्या कंडक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले आणि मला सावरकर आठवले, महापौर आणि दिनांकवाले. हा पण भाषाशुद्धीवालाच निघाला. 

पण मला त्याचं जे आवडलं ते वेगळंच. त्यानं सुरवातीला चाल वर ठेवलेलीच नाही. फ्लूट नाही, ट्रम्पेट नाही. चाल आमच्याकडे, मधल्या आवाजांकडे, आणि बाकीचे तिच्या वरून-खालून जातात, कुणी तिला झाकत नाही पण ती उघडी पण पडत नाही. पहिल्यांदा कागद हातात आला तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्याचा आला. इतके दिवस माझ्या कागदावर पूम् पूम् आणि लांब लांब एकच सूर, आणि आज अख्खं गाणं!

अण्णांना नोटेशन येत नव्हतं, सगळं कानानं. मी त्रेचाळिसाव्या वर्षी लेकाच्या पाचवीच्या पुस्तकातून शिकले.

माझ्या शेजारी दुसरा युफोनियम आजोबांकडे आहे, अठ्ठ्याहत्तर वय, पूर्वी फायरब्रिगेडमध्ये होते. आम्ही दोघांनी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यात, मी कुठे श्वास घ्यायचा, ते कुठे घेणार, म्हणजे ओळ तुटत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस न थांबता गातोय. हे मला फार मजेशीर वाटतं, दोन माणसांची मिळून एक छाती.

संध्याकाळी साडेसातला सुरू केलं. वारा होता म्हणून सगळ्यांनी कागदांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, माझे भारतातून आणलेले प्लॅस्टिकचे गुलाबी. समोर लॉनवर खुर्च्या टाकून लोकं, पोरं पळतायत, कुणीतरी पिझ्झा खातंय. दोन मार्च झाले, घाम निपटला, पाणी काढायची कळ दाबून नळ्या रिकाम्या केल्या आणि बाईंनी हात वर केला, एकदम छोटा, जसं काही झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतायत.

पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. बऱ्या कसल्या, छान गेल्या. मी वाजवतेय असं वाटतच नव्हतं, मांडीवरचं पितळ गुरगुरत होतं, पोटापर्यंत. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते मी बघायला नको होतं. नजर कागदावर ठेवायची असते.

तिसऱ्या ओळीत चाल चढते, सगळ्यांना माहीत असलेली ती जागा, आणि तिथे चढतानाच मला कोटाचे गोंडे दिसले, लाल, जर निघालेले. घसा बंद. आता हे ज्यांनी फुंकायचं वाद्य वाजवलं नाही त्यांना कसं सांगू, सतारवाला रडत रडत वाजवू शकेल, पेटीवाला पण, आम्हाला ती सोयच नाही. हुंदका आला की हवा बंद, हवा बंद की सूर बंद. ओठ वेडावाकडा झाला की संपलं. मी तोंड लावून बसलेय, बोटं बरोबर चालू आहेत आणि आवाज शून्य. एक बार, म्हणजे कागदावरचं एक घर. दोन बार.

आणि ओळ तुटली नाही. आजोबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्यांचा श्वास तिथे ठरलेला होता, पेन्सिलीची खूण होती, तो त्यांनी घेतला नाही. वाजवत राहिले. मान लाल झाली होती, मला कडेनं दिसत होतं. मी नाकानं हवा ओढली, परत घुसले, तेव्हा कुठे त्यांनी श्वास घेतला, मोठा, आवाज करत.

दुसऱ्या वेळेला चाल वर जाते, अख्खा बँड भरून येतो, हॉर्नवाले मधून आपली वेगळीच ओळ काढतात जी ऐकून एरवी माझ्या अंगावर काटा येतो, आज काही आठवत नाही. आठवतं ते शेवटचा लांब सूर, बारीक बारीक होत गेलेला, बाईंचा हात हवेत तसाच, कुणी टाळी वाजवेना, आणि त्या शांततेत पार्किंगमधून आइसक्रीमची गाडी तिची टिणटिण वाजवत आली! बाई हसल्या, लोक हसले, मग टाळ्या.

आजोबांना सॉरी म्हणलं. ते म्हणाले हे मी माझ्या बायकोच्या फ्यूनरलला वाजवलं होतं, आठ बारच वाजवू शकलो होतो. आणि लगेच पुढचा कागद शोधायला लागले, चिमटा निघत नव्हता त्यांचा.

नवऱ्यानं फोनवर रेकॉर्ड केलेलं. घरी येऊन अकराला अण्णांना पाठवलं, तिकडे रविवारची सकाळ साडेआठ. वीस मिनिटांनी त्यांचाच फोन. उजव्या कानानं ऐकतात आता, डावा गेला, चाळीस वर्ष ढोल डावीकडे उभा असायचा.

"ऐकलं," म्हणाले.

मी गप्प. ते पण गप्प. मागे कुकरची शिट्टी.

"चाल तुज्याकडं दिल्ती व्हय गं?"

"हो अण्णा."

"युफोनमला?"

"हो."

परत गप्प. मग म्हणाले, मधे जरा पातळ झाल्तं, पन सावरलंस. मी म्हणलं मी नाही सावरलं, शेजारच्या आजोबांनी सावरलं. म्हणाले, "मंग तेच की." मग एकदम धंद्यावर आले, किती मानसं हुती, कोट हुता का, सुपारी किती. मी सांगितलं अण्णा सुपारी नसते, कुणाला काही मिळत नाही, उलट आम्हीच वर्षाला 50 डॉलर भरतो बँडला.

"तुमी भरता?"

"हो."

"पैसं भरून वाजवता?" आणि जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत, आई आतून ओरडली काय झालं म्हणून, आणि ते तिला सांगतायत, अगं ही पैसं भरून वाजवतीया, पैसं भरून, आणि फोन तसाच चालू.